लाल मातीची पिशवी विकत घेऊ नका, आणि खालचा पातेरा जाळू नका



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. वाचून काही जणांना राग येईल. त्यात आमच्याच बिल्डिंगमधले लोक असतील आणि एक माणूस तर आमच्याच घरातला आहे. पण तीन वर्षं नुसती बडबड करतेय, आता लिहूनच टाकते.

गेल्या रविवारी सकाळी आमचे हे नर्सरीतून दोन पिशव्या घेऊन आले. वर चकचकीत अक्षरात 'प्रीमियम पॉटिंग मिक्स' आणि एका हसऱ्या गुलाबाचं चित्र. दहा किलोची पिशवी 180 रुपयांना. गॅलरीत पेपर पसरून मी पिशवी फोडली आणि नेमका त्याच वेळी खालून धूर वर आला. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचा आणि बदामाचा पातेरा झाडून, ढीग करून, कुणीतरी काडी लावली होती. वाळत घातलेले कपडे आत घ्यायला मी धावले. परत येऊन बघते तर पिशवीतून निघालेली लाल माती पेपरवर, आणि ज्याची त्या मातीला खरी गरज होती ते खाली जळतंय.

म्हणजे आपण 360 रुपये देऊन डोंगर विकत आणला आणि फुकट मिळणारं खत पेटवून दिलं. या एका वाक्यासाठीच आजची पोस्ट आहे. पुढचं सगळं ते पटवून द्यायला.

आधी त्या पिशवीत काय होतं ते सांगते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरेल इतकं ते मिक्स घातलं, वर पाणी भरलं, झाकण लावून खळखळून हलवलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तळाला रेती, त्यावर लाल मातीचा जाड थर, वर गढूळ पाणी आणि पाण्यावर तरंगणारा कोकोपीटचा आणि अर्धवट कुजलेल्या काड्यांचा जेमतेम बोटभर थर. तीन हिस्से तर नुसती माती. पिशवीवर घटक लिहिलेले नाहीत, कधी भरलं ते नाही, कुठली माती तेही नाही. आपल्याकडे कंपोस्टला मोजमापं नाहीत असं कुणी समजू नका. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचं सगळं लिहून ठेवलेलं आहे. ओलावा 15 ते 25 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत, क्षारता 4 च्या आत, शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पण त्या पिशवीवर 'कंपोस्ट' हा शब्दच नव्हता, 'मिक्स' होता. मिक्स म्हटलं की विचारणार कोण आणि सांगणार कोण?

बरणीचा हा प्रयोग घरी नक्की करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. गांडूळखताच्या नावाने चाळलेली काळी माती विकतात, ती पण यात लगेच पकडता येते. माती तळाला जाऊन बसते, खताचा बराचसा भाग वर तरंगत राहतो. दुसरी परीक्षा मेथीची. वाटीभर खतात वीस दाणे मेथी पेरायची. चार दिवसांत हिरवीगार वर आली तर खत चांगलं. कुजली किंवा टोकं जळाली तर ते अजून कच्चं आहे, किंवा खारट आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, लाल मातीत वाईट काय आहे? कोकणात सगळं लाल मातीतच तर उगवतं. आंबा, काजू, फणस.

बरोबर आहे. जमिनीत उगवतं. जमिनीत मातीखाली माती असते, त्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी खाली खाली जातं, गांडुळं बिळं करतात, मुळं चार-पाच फूट लांब जाऊन हवा शोधतात. कुंडीत दहा इंच माती आणि खाली चार भोकं. इथे मुळांना सगळ्यात आधी हवा लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात लाल माती कुंडीत दबून दबून विटेसारखी घट्ट होते, वर पाणी साचतं, आत मुळं गुदमरतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका विकतच्या पिशवीत माझा मोगरा गेला. जूनमध्ये कळ्यांनी भरलेला होता. जुलैत पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून आणखी खत घातलं. गणपतीच्या आधी उपटला तर मुळं काळी पडलेली आणि गटारासारखा वास. सासूबाईंनी तो मोगरा रोह्याहून फांदी आणून लावला होता. त्या काही बोलल्या नाहीत, त्यामुळे तर जास्तच लागलं.

इथे एक गैरसमज पण काढून टाकते, कारण आपण सगळेच तो पाळतो. कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडी घातली की पाणी निचरून जातं म्हणतात. जात नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा, आडवा धरा, थेंब गळायचे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. का? तर कुठल्याही मातीच्या तळाशी एक ठरावीक उंचीचा थर ओलाच राहतो, आणि माती जितकी बारीक तितका तो थर जाड. खाली खडी घातली तर तो ओला थर खडीच्या वर जाऊन बसतो, म्हणजे उलटा मुळांच्या जवळ येतो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरतच नाही. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून. सुधारणा करायची तर मातीतच करायला हवी. तिच्यात जाडसर, न दबणारं काहीतरी मिसळायला हवं.

त्यात वजनाचा प्रश्न वेगळाच. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. 20 लिटरच्या बादलीत माती भरली तर 30 किलोच्या पुढे वजन. अशा पंधरा बादल्या गॅलरीच्या कठड्याला लावून ठेवायच्या आणि मग बिल्डरच्या नावाने ओरडायचं?

बरं, ही लाल माती येते कुठून? कुणाच्या परसातून येत नाही. कुठल्या तरी टेकडीचा उतार पोखरला जातो, झाडोरा काढला जातो, वरची चांगली माती नर्सरीला आणि खालचा मुरूम भरावाला. आपल्या जिल्ह्यात 2021 ला तळीये झालं, 2023 ला इर्शाळवाडी झाली. त्या दरडी कुंड्यांच्या मातीमुळे कोसळल्या असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणालं तर तो थापा मारतोय. पण हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा आपण उताराची माती किलोवर विकत घेतो आणि वर फोटो टाकतो, 'माझी हिरवी गॅलरी'. वीतभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती आपण आणतो मोगरा मारायला.

"मग कोकोपीट घ्या ना" हा पुढचा सल्ला. घ्या, मी पण घेते थोडं. पण त्याचा हिशोब नीट समजून घ्या. पाच किलोची वीट फुगून साधारण 70 लिटर होते, हलकी असते, पाणी धरून ठेवते. अन्न मात्र त्यात जवळपास नाही. त्यात मीठ असतं. दोन-तीन पाण्यातून धुतल्याशिवाय वापरलं तर मिरचीची पानं कडेने करपतात. साहेबाच्या देशात 1930 च्या दशकात जॉन इनेस नावाच्या बागसंशोधन संस्थेने कुंडीच्या मातीचं प्रमाण ठरवून दिलं होतं. सात भाग कुजवलेल्या गवताळ थराची माती, तीन भाग पीट, दोन भाग रेती. पुढे त्या पीटसाठी त्यांनी दलदली इतक्या उपसल्या की 2022 ला तिथल्या सरकारला हौशी बागवाल्यांना पीट विकणं बंद करू असं जाहीर करावं लागलं. त्याच्या जागी आलं नारळाचं कोकोपीट. आपल्याकडे ते येतं बहुतेक तामिळनाडूच्या पोल्लाचीकडून. आणि अलिबाग-मुरूडच्या वाड्यांमधली सोडणं कुठे जातात? बंबात. आंघोळीचं पाणी तापवायला. पोल्लाचीहून आलेलं सोडणाचं पीठ विकत घ्यायचं आणि घरची सोडणं जाळायची, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

जाळण्याचंच काढलंय तर सगळं काढूया.

आपला जिल्हा भाताचा. भाताच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. क्विंटलभर भात भरडला की वीस किलो तूस. त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि दबत नाही. कुंडीतल्या मातीत हवा राहावी म्हणून परदेशात लोक पर्लाइट नावाचे पांढरे दाणे महाग घेतात. ते काम आपलं तूस करतं. मी आमच्या जवळच्या गिरणीत गेले.

"काका, तूस मिळेल का?"

"किती गाड्या?"

"गाड्या नाही हो, दोन गोणी. कुंड्यांसाठी."

काका हसले. "ताई, घेऊन जा. उद्या भट्टीवाला येणार, त्याच्या आधी या. वीस रुपये गोणी द्या, पण गोणी परत आणा."

वीस रुपयांत दोन वर्षांचा निचरा! एकच काळजी घ्यायची. ताजं तूस तसंच टाकू नका. त्यात भाताचे दाणे राहिलेले असतात, ते उगवतात आणि चिमण्या-उंदीर येतात. माझ्या तुळशीत भात उगवला होता, शेजारच्या काकू विचारायला लागल्या, लावणी कधी आहे? तूस दहा-बारा दिवस ओलं करून गोणीत ठेवा, मधे एकदा शेणाचं पाणी शिंपडा, मग वापरा. आणि कच्चं तूस, लाकडाचा भुसा असलं काही मिसळलं की ते कुजताना मातीतलं नत्र खाऊन टाकतं आणि झाड पिवळं पडतं. म्हणून त्याच्याबरोबर खत किंवा पेंड हवीच. भट्टीतली पांढरी राख मात्र बेताने, चिमूटभर. ती फार अल्कधर्मी असते.

आता पातेरा. रामवाडी स्टँडपासून गावात चालत या आणि माघ-फाल्गुनात दोन्ही बाजूला बघा. आंबा, बदाम, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, किती पान पडतं. पर्जन्यवृक्षाचं बारीक पान तर सोनं आहे, लगेच कुजतं. आंब्याचं पान चिवट, त्याला वेळ लागतो, ते हाताने चुरून घ्यावं लागतं. मी काय करते? सिमेंटच्या गोणीला भोकं पाडते, पातेरा दाबून भरते, भिजवते, एक तांब्या शेणकाला घालते, तोंड बांधते आणि जिन्याखाली ठेवून देते. महिन्यातून एकदा उलटी करून पाणी मारायचं. फेब्रुवारीत भरलेली गोणी दसऱ्यानंतर उघडली की गोणीभरची पाव गोणी झालेली असते. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या जमिनीसारख्या वासाचं. पानाच्या या खतात अन्न थोडंच असतं, पण पाणी आणि हवा दोन्ही धरून ठेवण्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कोकोपीटची गरज यानेच अर्धी कमी होते.

आणि हे आपण जाळतो. कोण जाळतं त्याचं नाव मी घेत नाही. कारण सगळेच जाळतो. सोसायटीचा वॉचमन जाळतो, दुकानदार शटर उघडायच्या आधी जाळतो, बंगल्यातले काका व्यायाम म्हणून झाडतात आणि मग जाळतात. 2016 च्या घनकचरा नियमांनीच बागेचा कचरा उघड्यावर जाळायला बंदी घातली होती. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. तुमच्या ओळखीत पातेरा जाळला म्हणून कुणी हा दंड भरलाय का? माझ्या तरी नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, शेतकरी राब भाजतो ते चालतं का मग? सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला मला. त्यांच्या माहेरी अजून भाजतात. माझं म्हणणं असं की शेतकऱ्याला राब भाजण्यामागे कारण आहे. तण मरतं, रोप जोमाने येतं, राखेचं खत होतं. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात हे वाईटच. पण त्याच्या घरच्या भाताचा प्रश्न असतो, त्याला मी गॅलरीत बसून शिकवणार नाही. शिकवायचं काम आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने केलेलं आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी नांगरणी-चिखलणीशिवाय भात घ्यायचं तंत्र बसवलं. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, म्हणजे मातीतला कर्ब वाढतो. शेतकरी बदलतोय. आपल्याकडे, रस्त्याकडेच्या बदामाच्या पानांना काडी लावायला काय कारण आहे? आळस. दुसरं एक कारण मला कुणी सांगावं.

शाडूबद्दल पण बोलायलाच हवं. आपलं गाव गणपतीचं. हमरापूर, जोहे, पेण शहर, घराघरात कारखाने. शाडूच्या मूर्तीचं बादलीत विसर्जन करायचं आणि ती माती कुंडीत घालायची, असा सल्ला दर भाद्रपदात फिरतो. बादलीत विसर्जन अगदी योग्य. पण शाडू म्हणजे अतिशय बारीक, चिकट चिकणमाती. ती कुंडीत ओतली तर वर सिमेंटचा कोबा घातल्यासारखं होतं. भक्तिभावाने तुळशीत ओतायची आणि महिन्याने तुळस गेली की अपशकुन झाला म्हणून घाबरायचं! घालायचीच तर दहा ओंजळी मिश्रणाला एक ओंजळ, वाळवून, फोडून. बाकीची माती मूर्तिकाराला परत द्यावी. तिच्यापासून पुन्हा मूर्ती होते. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाची मोहीम हेच करते, घरोघरची शाडू गोळा करून मूर्तिकारांपर्यंत पोचवते. शाडू आपल्याकडे गुजरातेतून येतो, कारागीर मात्र आपल्या दारात आहेत. हे काम पुण्याने करावं आणि पेणने करू नये?

खारेपाटातल्या मंडळींना एक सांगणं. खाडीकाठची माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नका. कुंडीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते म्हणून औषध मारत बसता, ती बऱ्याचदा बुरशी नसते, मीठ असतं.

आता 'हे गावाला झेपणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि घरच्या कचऱ्यातून, पाल्यातून माती तयार करता येते हे सामान्य माणसांकडून करवून घेतलं. त्यांच्याच वाटेने मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडात भाज्या-फळं काढली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास कॅन्टीनच्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. बंदरातल्या गच्चीवर! तिथे कुठला डोंगर होता माती आणायला?

गावाच्या पातळीवर हवं तर वेंगुर्ल्याकडे बघा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथला कचरा डेपो असा झाला की बाहेरगावचे लोक तो बघायला जायला लागले. ओल्या कचऱ्याचं खत आणि गॅस. तेच कोकरे पुढे कर्जतला आले. कर्जत म्हणजे काही परदेश नाही, आपल्याच रायगडातलं. आणि शहरांच्या ओल्या कचऱ्यापासून झालेल्या खतासाठी राज्य सरकारने 'हरित महासिटी कंपोस्ट' नावाचा ब्रँडसुद्धा काढलेला आहे. म्हणजे कायदा आहे, मोजमाप आहे, ब्रँड आहे, आपल्याच जिल्ह्यात उदाहरण आहे. नाही ते फक्त आपण मागणं.

म्हणून माझं मागणं. नगरपालिका असो, ग्रामपंचायत असो, जो कुणी मत मागायला येईल त्याच्यासमोर ठेवा. प्रत्येक आळीत, बागेत, मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात पातेऱ्यासाठी एक जाळीचा हौद. चार खांब आणि कोंबड्यांची जाळी, याला किती लाख लागतात? ओल्या कचऱ्याचं खत तयार होत असेल तर ते नागरिकांना मिळावं आणि त्याच्या तपासणीचा कागद दरवाजावर चिकटवलेला असावा. आणि दुभाजकातल्या, उद्यानातल्या झाडांच्या अंदाजपत्रकात अनेकदा 'लाल माती पुरवणे' अशी ओळ असते, तिच्याकडे आपण डोळे उघडून बघावं. सार्वजनिक पैशातून डोंगर विकत घ्यायचा, तो दुभाजकात ओतायचा आणि त्याच दुभाजकातली पानं जाळायची, हे आता बास.

"पण ताई, वेळ कुणाला आहे?" महिन्यातून एकदा गोणी उलटी करायला दहा मिनिटं लागतात. "वास येतो." ओलं फार झालं आणि हवा नसली की येतो, त्यात मूठभर कोरडा पातेरा किंवा तूस घाला, दोन दिवसांत जातो. "साप येतील." साप उंदरांमागे येतात आणि उंदीर उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामागे. गोणीत तोंड बांधून ठेवलेल्या पातेऱ्यात नाही. पण हात घालायच्या आधी गोणी काठीने ठोका, विंचू-गोम असू शकते, हे मी लपवणार नाही. "बाजारचं चांगलं मिक्स पण मिळतं." मिळतं ना! पिशवीवर घटक असतील, पिशवी हाताला हलकी लागत असेल आणि बरणीत तरंगणारा थर जाड असेल तर खुशाल घ्या. माझं भांडण पिशवीशी नाही, लाल मातीशी आहे.

माझं मिश्रण विचारतात म्हणून सांगते. घमेल्याच्या मापाने तीन घमेली पातेऱ्याचं नाहीतर घरच्या ओल्या कचऱ्याचं मुरलेलं खत, दोन घमेली भिजवून ठेवलेलं तूस, एक घमेलं माती आणि दोन मुठी निंबोळी पेंड. माती म्हणजे जुन्या कुंडीतलीच. ती फेकून द्यायची नसते. मे महिन्यात काळ्या प्लास्टिकवर पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक टाकून तीन-चार आठवडे उन्हात तापवायची, बरीचशी कीड-बुरशी मरते. मूठ दाबून बघायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. नाही फुटला तर तूस कमी आहे. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीला तूस एक घमेलं जास्त, टोमॅटो-वांग्याला खत जास्त, अडेनियमला खत अगदी कमी. दर वर्षी मिश्रण दोन-तीन इंच खाली बसतं, कारण ते कुजतंय आणि झाड ते खातंय. घाबरायचं नाही, वरून भर घालायची.

आमच्या ह्यांच्या दोन पिशव्या? एक परत केली. दुसरी फोडलेली होती, तिची माती वरच्या हिशोबाने वापरतेय. सहा महिने पुरेल.

येत्या रविवारी सकाळी 8 ते 10 मी आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत आहे. पातेरा झाडून ठेवलाय, पेटवू नका म्हणून वॉचमनदादांना सांगितलंय. गिरणीतून तूस चार गोणी आणून ठेवते. शेण एका दादांनी कबूल केलंय. ज्यांना गोणी भरून न्यायची आहे त्यांनी या, लहान मुलांना पण आणा. रिकाम्या गोण्या मात्र स्वतःच्या आणा, माझ्याकडच्या संपल्यात आणि गिरणीवाल्या काकांच्या दोन परत करायच्या राहिल्यात.